नागिणीला दार कोण उघडते?

२०११ सालच्या श्रावणातली गोष्ट. आईच्या उजव्या कुशीत दोन दिवस आग होत होती. पित्त असेल म्हणून तिने कोकमाचे सरबत घेतले. तिसऱ्या दिवशी बरगडीखाली लालसर चट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग दिसू लागली. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितले, "नागीण हाय ही. गेरू लावा, आणि तोंड-शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या. जुळलं की माणूस हाताला लागत नाही."

नागीण उतरवणाऱ्या माणसाला मीच मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आलो. मी तेव्हा बी.कॉम. झालेला, पतसंस्थेत हिशेब लिहिणारा, वर्तमानपत्रातले विज्ञानाचे लेख कात्रून वहीत चिकटवणारा गृहस्थ होतो. तरीही आणले. घरातले माणूस कळवळत असले की कात्रणे आठवत नाहीत. सहाव्या दिवशी आईला कऱ्हाडला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गेरूचे थर पुसले, फोड पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "पहिल्या तीन दिवसांत आला असता तर गोळ्यांचा पुरेपूर उपयोग झाला असता. आता देतो, पण दुखणं रेंगाळेल."

ते रेंगाळले. फोड तीन आठवड्यांत सुकले, पण आग जवळजवळ दोन वर्षे गेली नाही. अंगावरच्या सुती पातळाचा पदर लागला तरी आई दचकायची. त्या काळात तिने मला एकदा विचारले, "अरे, पण हे आलं कुठनं? मी तर कुणाच्या घरी गेले नाही की कुणी आजारी आपल्याकडं आलं नाही." मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना त्यांना? तोच हा विषाणू. तेव्हापासून आतच आहे."

साठ वर्षे आत! पतसंस्थेत कुणाचे खाते दहा वर्षे हलले नाही तर आम्ही ते निष्क्रिय म्हणून वेगळे काढतो. इथे साठ वर्षे निजलेले खाते एका श्रावणात जागे झाले होते. आणि जो आत राहिला, तो कधीतरी आत शिरला असणार. कसा शिरला? जिवंत पेशीला काही उघडे दार नसते. मग त्याला दार कुणी उघडून दिले? त्या एका प्रश्नामागे मी पुढची बारा-तेरा वर्षे काढली. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, पदवी वाणिज्य शाखेची. संध्याकाळी पतसंस्था बंद झाल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी शोधनिबंध वाचायचे, एवढेच माझे संशोधन. पहिला निबंध समजायला दीड महिना लागला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

एका धातूची लेकरे

आधी नावाविषयी थोडे, कारण त्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. या विषाणूंच्या कुळाला हर्पीस म्हणतात. हा शब्द ग्रीक 'हर्पेइन' या क्रियापदावरून आला. अर्थ, सरपटणे. लॅटिनमधले 'सर्पेरे' हे त्याचे भावंड, आणि संस्कृतमधला 'सृप्' धातू हे तिसरे. सर्प तिथूनच आला. चरकसंहितेत अंगावर पसरत जाणाऱ्या एका विकाराला 'विसर्प' म्हटले आहे, तोही त्याच धातूचा. विसर्प म्हणजेच आजची नागीण असे म्हणता येणार नाही, कारण त्या नावाखाली बरेच विकार येतात. पण कातडीवर सरकत जाणारे दुखणे पाहून ग्रीक वैद्याला आणि आपल्या आजीला एकाच प्राण्याची आठवण व्हावी, ही गंमत खरी. वैद्यकात नागिणीला 'हर्पीस झोस्टर' म्हणतात. झोस्टर म्हणजे कमरपट्टा.

माणसाला होणारे हर्पीस विषाणू नऊ आहेत. ओठांवर ज्वराचे फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स १, मुख्यतः जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स २, कांजिण्या आणि नागीण या दोन्हींचा धनी व्हॅरिसेला-झोस्टर, एपस्टाइन-बार विषाणू, सायटोमेगॅलो विषाणू आणि आणखी चार. सगळ्यांची एक सवय समान: एकदा शरीरात आले की जन्मभर जात नाहीत.

आईचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड आहे. तो पेशीला चिकटून राहतो, द्रवात सुटा होत नाही. त्यामुळे प्रवेशाची बहुतेक माहिती त्याचा जवळचा चुलतभाऊ हर्पीस सिम्प्लेक्स १ याच्यावरून मिळाली आहे. पुढचा बराच भाग त्याचाच आहे.

दोन साबणाचे फुगे

हा विषाणू आतून बाहेर असा बघू. मध्यभागी डीएनएचा धागा, सुमारे दीड लाख जोड्यांचा. त्याभोवती प्रथिनांची वीस बाजूंची टणक पेटी, म्हणजे कॅप्सिड. तिचा व्यास १२५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा आठ हजार पेट्या एका ओळीत मावतील. पेटीभोवती प्रथिनांचा एक गादीसारखा थर, आणि सर्वांत बाहेर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. हे आवरण विषाणूने स्वतः तयार केलेले नसते. ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्याच पटलाचा तुकडा अंगावर घेऊन तो निघालेला असतो. त्या आवरणात मात्र त्याची स्वतःची प्रथिने रोवलेली असतात. त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या असतात म्हणून त्यांना शर्कराप्रथिने म्हणू. २००३ साली गोठवलेल्या विषाणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमित चित्रे घेतली गेली, तेव्हा एकेका विषाणूवर अशी सहाशे ते साडेसातशे टोके मोजता आली.

आता अडचण अशी. विषाणूभोवती स्निग्ध पटल, पेशीभोवतीही स्निग्ध पटल. आमटीवरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की पटकन एक होतात, तशी ही पटले का होत नाहीत? कारण पटलाच्या दोन्ही पृष्ठांवर पाण्याची ओढ असलेली डोकी असतात आणि तेलकट शेपट्या मध्ये दडलेल्या असतात. त्या डोक्यांना पाण्याचा थर चिकटलेला असतो. साबणाचे दोन फुगे एकमेकांना टेकूनही वेगळे राहतात, तसे काहीसे हे आहे. तो पाण्याचा थर दूर सारून पटले एकमेकांवर दाबायला ऊर्जा लागते, आणि विषाणूकडे ऊर्जा निर्माण करायची काहीच सोय नसते. त्याच्याकडे ना चूल ना सरपण.

मग तो एक युक्ती करतो. त्याच्या आवरणावरचे एक प्रथिन ताणून धरलेल्या स्प्रिंगसारखे आधीच भरून ठेवलेले असते. योग्य जागी, योग्य वेळी खटका दाबला की ते उलगडते आणि त्या एका झटक्यात मिळणारी ऊर्जा पटले जोडते. म्हणजे खरा प्रश्न खटक्याचा आहे. विषाणू हवेत असताना स्प्रिंग सुटली तर तो वायाच गेला. पेशीजवळ पोचूनही सुटली नाही तरी वायाच. तेव्हा खटका कोण, कधी दाबते?

चिकटणे, ओळखणे, निरोप देणे, जोडणे

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे ओळखणे आणि जोडणे ही दोन्ही कामे एकच प्रथिन करते. हर्पीसने मात्र कामे वाटून दिली आहेत. आमच्या पतसंस्थेत कर्ज मंजूर होताना एक जण अर्ज घेतो, दुसरा ओळख पटवतो, तिसरा फाइल पुढे सरकवतो आणि तिजोरीची किल्ली चौथ्याकडे असते. जवळजवळ तशीच व्यवस्था इथे आहे.

पहिले काम चिकटण्याचे. आपल्या बहुतेक पेशींच्या बाहेर हेपॅरन सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या लोंबत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. विषाणूची 'जीसी' आणि 'जीबी' ही शर्कराप्रथिने या साखळ्यांना धरतात. हे १९८९ मध्ये डॅरेल वुडन आणि पॅट्रिशिया स्पीअर यांनी दाखवले. पेशींवरच्या या साखळ्या विकराने कापून टाकल्या तर विषाणू फारसा चिकटत नाही. पण ही पकड सैल असते. बाभळीच्या काट्यात धोतराचा सोगा अडकावा तशी. अडकला म्हणजे आत गेला असे नव्हे.

दुसरे काम ओळख पटवण्याचे, आणि ते 'जीडी' या प्रथिनाचे. जीडी पेशीवरच्या कुठल्या प्रथिनाला ओळखते, हे शोधण्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण तो कुणालाही समजेल असा आहे. चिनी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी प्रयोगशाळेत सर्रास वापरतात. हर्पीस त्यांना चिकटतो, पण आत शिरू शकत नाही. म्हणजे काट्यात सोगा अडकतो, दार मात्र नाही. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्पीअर यांच्या गटाने मानवी पेशींतल्या जनुकांच्या प्रती या पेशींमध्ये गटागटाने घातल्या. विषाणूत अशी एक खूण घातली की तो आत शिरला तर ती पेशी रंगद्रव्य टाकल्यावर निळी व्हावी. मग निळ्या पेशी कुठे दिसतात ते बघायचे, तो गट आणखी लहान गटांत विभागायचा, पुन्हा बघायचे, असे करत करत एका जनुकापर्यंत पोचायचे. ताळेबंद जुळत नसला की आम्ही असेच करतो. वर्षाचा फरक महिन्यात शोधायचा, महिन्याचा दिवसात, दिवसाचा एका पावतीत.

१९९६ मध्ये ती पावती सापडली. त्या प्रथिनाला त्यांनी 'हर्पीस प्रवेश मध्यस्थ' अशा अर्थाचे नाव दिले, संक्षेप एचव्हीईएम. १९९८ मध्ये दुसरे सापडले, नेक्टिन-१. १९९९ मध्ये दीपक शुक्ला, स्पीअर आणि सहकाऱ्यांनी तिसरी वाट दाखवली: हेपॅरन सल्फेटच्याच साखळीवर एका विशिष्ट जागी सल्फेट असेल तर जीडी तिलाही ओळखते. म्हणजे किल्ली एक, कुलपे तीन.

ही कुलपे पेशीने विषाणूसाठी बसवलेली नाहीत, हे मला समजायला वेळ लागला. एचव्हीईएम हे प्रतिकारशक्तीच्या पेशींना एकमेकींशी बोलायला लागते. नेक्टिन-१ हे शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते, आणि ते कातडीतही असते, चेतापेशींवरही असते. विषाणूला नेमके याच दोन ठिकाणी जायचे असते. मग नेक्टिनच काढून टाकले तर? निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. व्हेनेझुएलाजवळच्या मार्गारिता बेटावर काही घराण्यांत नेक्टिन-१चे जनुक बिघडलेले आढळते. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर मूल दुभंगलेला ओठ आणि टाळू, केस-दात-नखांचे दोष घेऊन जन्मते. हे जनुक २००० साली ओळखले गेले. एकच बिघडलेली प्रत असलेल्यांना हर्पीसपासून थोडे संरक्षण मिळत असावे, म्हणून तिथे हा दोष टिकला असावा, असा तर्कही संशोधकांनी मांडला. तो तर्कच आहे. पण मूळ गोष्ट स्पष्ट आहे: हे दार विटा लावून बंद करता येत नाही, कारण घरच्या माणसांची ये-जा त्याच दाराने असते.

किल्ली कुलपात फिरली म्हणजे काय होते, तेही आता ठाऊक आहे. २००१ मध्ये जीडी एचव्हीईएमला धरून असताना कसे दिसते याची स्फटिकावरून रचना निघाली. पुढे कळले की एरवी जीडीची शेपटाकडची बाजू स्वतःच्याच अंगावर दुमडलेली असते आणि कुलपाला धरायची जागा झाकून ठेवते. कुलूप सापडले की ही शेपटी बाजूला सरते. ते सरकणे हाच खटका.

तिसरे काम निरोप्याचे. 'जीएच' आणि 'जीएल' ही दोन प्रथिने कायम जोडीने असतात. जीएलशिवाय जीएचची घडीच नीट बसत नाही. पूर्वी समज असा होता की जीएच हेच पटले जोडणारे प्रथिन असावे. २०१० मध्ये या जोडीची रचना निघाली आणि तो समज मागे पडला, कारण पटले जोडणाऱ्या कुठल्याही ज्ञात यंत्रासारखी ती दिसत नव्हती. जीडीकडून आलेला इशारा ही जोडी जीबीपर्यंत पोचवते.

चौथा, तिजोरीवाला, म्हणजे जीबी. त्याची रचना २००६ मध्ये एकातेरिना हेल्डवाइन, स्टीफन हॅरिसन, रोझलिन आयझेनबर्ग, गॅरी कोहेन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाने व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. हा गुरांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू रेबीजच्या कुळातला. त्याचा वारसा आरएनएचा, हर्पीसचा डीएनएचा. दोघांचे एकमेकांशी काही नाते असेल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण दोन्ही प्रथिने शेजारी ठेवली तर एकाच साच्यातली वाटावीत अशी निघाली. मी ती दोन चित्रे छापून कपाटाच्या दारावर चिकटवली आहेत. बायको विचारते, "ह्यात काय बघता रोज?" काय सांगणार?

जीबीचे तीन रेणू एकत्र येऊन एक खांब होतो. प्रत्येक रेणूच्या एका टोकाला पाण्याचा तिटकारा असलेली दोन छोटी वेटोळी असतात. इशारा मिळताच हा खांब उलगडतो, वेटोळी पेशीच्या पटलात रुततात. आता त्याचे एक टोक विषाणूत, एक पेशीत. मग तो मधोमध दुमडतो. चिमट्याची दोन टोके जवळ यावीत तशी दोन्ही पटले एकमेकांकडे खेचली जातात. आधी समोरासमोरचे अर्धे थर एक होतात, मग उरलेले अर्धे, मग एक छिद्र पडते आणि ते रुंदावते. कॅप्सिडची पेटी आत जाते, आवरण पेशीच्या अंगावरच राहते. दुमडलेल्या जीबीची लांबी १६ नॅनोमीटर. सुटलेली स्प्रिंग पुन्हा भरता येत नाही. म्हणूनच न सुटलेल्या जीबीचे चित्र मिळायला फार वाट पाहावी लागली. हर्पीस सिम्प्लेक्सच्या बाबतीत ते २०२० मध्ये मिळाले.

कधी हे पेशीच्या बाहेरच्या पटलावर घडते, जसे चेतापेशींत. कधी पेशी विषाणूला पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत घेते आणि पिशवीतली आम्लता वाढली की आतल्या आत जोडणी होते, जसे कातडीच्या पेशींत. यंत्र तेच, जागा वेगळी. पुढे पेटी पेशीतल्या रुळांवरून केंद्रकापर्यंत नेली जाते. चेतापेशीत हा प्रवास तंतूच्या टोकापासून मणक्याजवळच्या गुच्छापर्यंतचा असतो. तिथे डीएनए केंद्रकात उतरतो आणि निजतो.

काचपट्टीवर पाहिलेले

हे सगळे वाचून कळले, पण डोळ्यांनी काही बघावे अशी इच्छा होती. ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी ती पुरवली. फोडाच्या तळाचा खरवड काचपट्टीवर घेऊन रंगवायची एक जुनी चाचणी आहे, टझँक नावाच्या डॉक्टरची. १९४७ पासून ती नागीण आणि हर्पीससाठी वापरात आहे. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक जुनी पट्टी दाखवली. एका अवाढव्य पेशीत सहा-सात केंद्रके दाटीवाटीने बसली होती. "हे काय आहे सांगा," त्या म्हणाल्या.

मला ते ठाऊक होते. विषाणूने ग्रासलेली पेशी ही प्रथिने तयार करून स्वतःच्या अंगावर मांडते. मग तिचे पटल शेजारच्या पेशीच्या पटलाशी जुळते आणि दोन घरांमधली भिंत पडते. अशा चार-सहा भिंती पडल्या की एक राक्षसी पेशी होते. आईच्या विषाणूकडे जीडी नाहीच. जीबी आणि जीएच-जीएल एवढ्यांवरच तो हे काम भागवतो. जे यंत्र आजवर फक्त आकृतीत पाहिले होते, त्याची करणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली समोर होती. मला एकदम आईच्या बरगडीखालचा चट्टा आठवला आणि मी जरा वेळ काही बोललो नाही.

चुलतभावांची दारे

या कुळात जीबी आणि जीएच-जीएल सगळ्यांकडे आहेत. ओळख पटवणारे प्रथिन मात्र ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बदलते. एपस्टाइन-बार विषाणूचे उदाहरण विलक्षण आहे. त्याला दोन प्रकारच्या पेशींत जायचे असते: घशातल्या अस्तराच्या पेशी आणि रक्तातल्या बी-पेशी. बी-पेशीत शिरायला त्याला 'जीपी४२' हे प्रथिन लागते. ते बी-पेशीवरच्या एचएलए वर्ग दोन या प्रथिनाला धरते. आता विषाणू बी-पेशीतच तयार होत असेल, तर आतल्या आतच बरेच जीपी४२ त्या एचएलएला अडकून नष्ट होते. म्हणून बी-पेशीतून निघालेल्या विषाणूवर जीपी४२ कमी असते आणि तो अस्तराच्या पेशींकडे वळतो. अस्तरातून निघालेल्यावर ते भरपूर असते, म्हणून तो बी-पेशींकडे वळतो. ज्या घरातून निघाला त्यावरून पुढचे घर ठरते. हे २००२ साली दाखवले गेले.

गर्भातल्या बाळाला बाधू शकणारा सायटोमेगॅलो विषाणू जीएच-जीएलला दोन वेगवेगळे जोडीदार लावतो, एका पेशीसाठी एक आणि दुसऱ्या पेशीसाठी दुसरा. प्रयोगशाळेत त्याला वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या पेशींत वाढवले, तेव्हा काही वाणांनी न लागणारी जोडी गमावूनच टाकली. न वापरलेली किल्ली कोण सांभाळतो?

किल्ली ओळखूनही चोर सुटतो

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की जीडी ही किल्ली आहे, तिच्याविरुद्ध लस केली की काम झाले. मलाही वाटले होते. तशी लस झाली आणि अमेरिका-कॅनडात ८,३२३ तरुण स्त्रियांवर तिची चाचणी झाली. २०१२ मध्ये निकाल आला. हर्पीस सिम्प्लेक्स २ विरुद्ध संरक्षण नाही. १ विरुद्ध ५८ टक्के. एकूण हिशेब २० टक्क्यांचा. त्याआधी जीबी आणि जीडी एकत्र घेऊन केलेली लसही अशीच निरुपयोगी ठरली होती.

असे का झाले याची कारणे विषाणूच्या आवरणातच सापडतात. जीसी हे प्रथिन चिकटण्याखेरीज आपल्या रक्तातल्या संरक्षक प्रथिनसाखळीचा एक दुवा धरून ठेवते. 'जीई' आणि 'जीआय' ही जोडी आपल्या प्रतिपिंडांना शेपटीकडून पकडून निकामी करते. शिवाय विषाणू पेशीतून शेजारच्या पेशीत सरळ जाऊ शकतो, उघड्यावर येतच नाही. किल्ली ओळखणारा पहारेकरी फाटकावर उभा केला आणि चोर सामाईक भिंतीतून शेजारी गेला, असे ते झाले.

आणि आता उलट बाजू. नागिणीवरची नवी लस ज्या प्रथिनावर आधारलेली आहे ते आहे आईच्या विषाणूचे जीई. हे जोडणीच्या यंत्रातले प्रथिनच नव्हे. पण ग्रासलेल्या पेशीच्या अंगावर ते सर्वांत मुबलक असते. हे प्रथिन आणि सोबत प्रतिकारशक्ती चेतवणारे मिश्रण, ज्यातला एक घटक चिलीमधल्या क्विल्लाया झाडाच्या सालीतून येतो, अशी ही लस. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्या पंधरा हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. सुमारे तीन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी ६ जणांना नागीण झाली, न घेतलेल्यांपैकी २१० जणांना. संरक्षण ९७.२ टक्के.

किल्लीवरची लस फसली आणि किल्ली नसलेल्या प्रथिनावरची यशस्वी झाली, हे कोडे मला बरेच दिवस सुटेना. मग उमगले की दोन्ही लसींचे कामच वेगळे आहे. पहिलीला विषाणूचा प्रवेश रोखायचा होता. दुसरीपुढे प्रवेशाचा प्रश्नच नाही. तो बालपणीच होऊन गेलेला असतो. साठ वर्षे आत निजलेला जागा झाला तर ग्रासलेल्या पेशी ओळखून आवरणाऱ्या, पण वयाबरोबर थकलेल्या टी-पेशींना ताजे करणे एवढेच तिचे काम. दार राखणे अवघड, घरातला पहारा वाढवणे त्या मानाने सोपे.

तोंड आणि शेपूट

शेवटी काकूंच्या बोलण्याकडे येतो. विषाणू निजतो तो मणक्याच्या उजव्या किंवा डाव्या बाजूच्या एका चेतागुच्छात. तो जागा झाला की त्या गुच्छाच्या चेतातंतूंवरून कातडीत येतो, आणि ते तंतू शरीराच्या तेवढ्याच बाजूला, मध्यरेषेपर्यंत पसरलेले असतात. म्हणून नागीण अर्धाच वेढा घेते. तोंड आणि शेपूट सहसा जुळत नाहीत, ते गेरूमुळे नव्हे, तर शरीराच्या रचनेमुळे. उतरवणाऱ्याला यश मिळते ते यासाठी, आणि त्याच्या यशात पहिले तीन दिवस जातात ते आपले. चट्टा एका बाजूला, रांगेत, आग होणारा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळ्याजवळ असेल तर एक तासही घालवू नये. हा सगळा लेख विसरला तरी चालेल, एवढे लक्षात ठेवावे.

आई आता ऐंशीची आहे. आग गेली, पण उजव्या कुशीवर झोपायची सवय तिला पुन्हा लागली नाही. लस २०२३ पासून भारतातही मिळते. महाग आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मी आमच्या डॉक्टरांशी बोलून तिचे दोन्ही डोस घेतले, त्याआधी आईला सगळे समजावून सांगितले. चिमट्याने दाखवले, कुलूप-किल्लीने दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे दार आपलंच उघडं होतं म्हण की."

"उघडं नव्हतं, आई," मी म्हणालो. "आपल्याच कडीला त्याचा हात बसत होता."

"तेच रे ते," ती म्हणाली, आणि काकूंकडे फराळाचे ताट पोचवायला उठली.